लिंक्डइनचं अकाउंट ‘गेलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

सध्या प्लेसमेंटचा सीझन सुरू आहे, त्यामुळं कोल्हापुरात ज्या घरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं पोरगं किंवा पोरगी आहे त्या घरात लिंक्डइन, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखी जोडायची साइट, हा शब्द रोज कानावर पडतोय. मी उद्यमनगरात छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं बघतो आणि गेल्या पंधरा दिवसांत एकच वाक्य मला दोन माणसांनी सांगितलं, "अकाउंट गेलं."

पहिला माझा भाचा, राजारामपुरीत राहतो, मेकॅनिकलला आहे. दुसरे शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले मालक. भाच्याला लॉगिन केल्यावर "तुमचं अकाउंट तात्पुरतं थांबवलंय, ओळखपत्र द्या" असं दिसत होतं. मालकांना लॉगिनच होत नव्हतं, पासवर्ड दुसऱ्यानंच बदललेला, आणि त्यांच्या नावानं त्यांच्या कस्टमरना मेसेज चालले होते की नवीन प्राइस लिस्ट बघा, खाली लिंक. दोघंही म्हणाले हॅक झालं. खरं तर ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पण मुळं एकाच जागी जातात, आपल्या नावानं दुसऱ्या कुणाला तरी वावरू दिलं तिथं. ते सगळं नीट उलगडून सांगावं म्हणून बसलोय लिहायला.

## चोर शिरला की गाळ्याला सील लागलं?

तुमचा उद्यमनगरात एक गाळा आहे असं समजा. एके सकाळी गेलात आणि कुलूप उघडत नाही. ह्याची दोन कारणं असू शकतात. एक, रात्री चोर शिरला आणि त्यानं कुलूप बदलून आत ठाण मांडलं. दुसरं, गाळ्याचे जे नियम होते ते तुम्ही मोडले म्हणून जागेच्या मालकानं सील लावलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडं दार बंदच दिसतंय, पण पहिल्यात पोलीस लागतात आणि दुसऱ्यात अर्ज लागतो. उपाय उलटे केले तर दोन्हीकडं नुकसान.

चोर शिरला म्हणजे हॅक. सील लागलं म्हणजे रिस्ट्रिक्ट, लिंक्डइन स्वतःच अकाउंट थांबवतं, कधी काही तासांसाठी, कधी ओळख पटेपर्यंत, कधी कायमचं. भाच्याचं सील होतं, मालकांचा चोर होता.

आणि जागा आपली नाही हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करायला पाहिजे. लिंक्डइन २००३ साली लोकांसाठी खुलं झालं, २०१६ साली मायक्रोसॉफ्टनं ते २,६२० कोटी डॉलरला विकत घ्यायचा सौदा केला, म्हणजे ती एका कंपनीची खाजगी जागा आहे आणि आपण तिथं त्यांच्या करारावर सही करून बसलोय. तो करार कुणी वाचत नाही. मी वाचला, कारण भाच्यासाठी अर्ज लिहायचा होता.

## करारात काय लिहिलंय

लांबलचक आहे, पण कामाचं थोडंच आहे. वय किमान १६ पाहिजे. नाव खरं पाहिजे. एका माणसाचं एकच अकाउंट. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, अकाउंट विकायचं नाही, दुसऱ्याच्या नावावर करायचं नाही. आणि जे सगळ्यात जास्त लोक मोडतात ते म्हणजे आपोआप चालणारी कुठलीही टूल, बॉट, ब्राउझर एक्स्टेन्शन (म्हणजे क्रोमसारख्या ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) लावून ओळख जोडायच्या रिक्वेस्ट पाठवायच्या नाहीत, मेसेज करायचे नाहीत, लोकांची माहिती खरवडून काढायची नाही.

भाच्यानं नेमकं हेच केलं होतं. सीनियरनं सांगितलं, हे एक्स्टेन्शन क्रोममध्ये टाक, रात्री लावून झोप, सकाळी बघ किती एचआर जोडले जातात ते. ह्यानं लावलं, चार रात्री ते चालत राहिलं, पुण्या-बेंगळुरूच्या ज्या ज्या माणसाच्या प्रोफाइलवर एचआर लिहिलंय त्याला रिक्वेस्ट जात राहिली, पाचव्या दिवशी सील.

## पण त्यांना कळतं कसं?

भाच्याचा पहिला प्रश्न हाच होता, की मामा, कॉम्प्युटर माझा, नेट माझं, अकाउंट माझं, मग त्यांना काय कळणार मी हातानं पाठवतोय का मशीननं.

माणसाचं वागणं कळतंच. महाद्वार रोडवर दुकानाच्या पायरीवर बसणारा माणूस गिऱ्हाईक चालत येताना बघूनच ओळखतो की हा घेणार आहे का नुसता बघणार आहे, कारण त्यानं हजारो माणसं येता-जाता बघितलेली असतात. लिंक्डइनच्या सिस्टमनं तर कोट्यवधी बघितलीत. माणूस एक प्रोफाइल उघडतो, थोडं वाचतो, मधेच चहाला जातो, दोन रिक्वेस्ट पाठवतो, मग तासभर गायब. मशीन रात्री अडीच वाजता ठरावीक सेकंदांच्या अंतरानं पन्नास प्रोफाइल उघडतं आणि एकातही काही वाचत नाही. हा फरक झाकत नाही.

त्यात समोरची माणसं पण सांगत असतात. अनोळखी रिक्वेस्ट नाकारताना "मी ह्या माणसाला ओळखत नाही" असं सांगायची सोय असते. एका लग्नात तुम्ही दोनशे लोकांना व्हिजिटिंग कार्ड वाटलं आणि त्यातले साठ जण यजमानाकडं जाऊन म्हणाले, हा कोण आहे बुवा, तर यजमान काय करणार? तसंच हे. शिवाय उत्तर न आलेल्या रिक्वेस्टचा ढीग नुसता साठत जातो, तोही तुमच्या विरोधात बोलतो. रिक्वेस्ट पाठवायला आठवड्याची मर्यादा असते, ती ओलांडली की पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. आणि पाठवलेली रिक्वेस्ट मागं घेतली तर त्याच माणसाला परत पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत वाट बघावी लागते, त्यामुळं मागं घ्या, पण विचार करून.

एवढी कडक नजर का, तर त्यालाही कारण आहे. २०२१ च्या जूनमध्ये लिंक्डइनच्या तब्बल ७० कोटी लोकांची माहिती विकायला काढल्याची बातमी आली होती. कंपनीचं म्हणणं होतं की आमच्या सिस्टममध्ये कुणी घुसलेलं नाही, लोकांनी उघड ठेवलेली माहिती मशीन लावून गोळा केलीय. म्हणजे जे काम एक्स्टेन्शन लहान प्रमाणात करतं तेच मोठ्या प्रमाणात. म्हणून आता अशा हालचालीवर पहिल्यांदा हात पडतो.

## "सगळेच वापरतात की"

हे मला दिवसातनं तीनदा ऐकायला मिळतं. वापरतात, खरं आहे, आणि काहींचं महिनोन् महिने काही होत नाही हेही खरं. पण एक्स्टेन्शनमधला खरा धोका सील लागण्याचा नाहीच, तो दुसराच आहे आणि तो समजावून घ्यायला थोडं थांबावं लागेल.

खासबाग मैदानात मोठी कुस्ती आहे. दारात तिकीट बघितलं, हाताला पट्टी बांधली. आता पाणी प्यायला बाहेर जाऊन आलात तर कुणी तिकीट विचारत नाही, पट्टी बघून सोडतात. लिंक्डइनवर एकदा पासवर्ड टाकला की तुमच्या ब्राउझरला अशीच एक पट्टी बांधली जाते, तिला सेशन म्हणतात, म्हणूनच दर वेळी पासवर्ड टाकावा लागत नाही. तुमच्या नावानं रिक्वेस्ट पाठवणारं एक्स्टेन्शन हीच पट्टी वापरतं. म्हणजे ते एक्स्टेन्शन ज्यानं बनवलं त्याच्या हातात तुमची पट्टी जाऊ शकते, आणि ती गेली तर त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी, तो सरळ आत. बनवणारा आज प्रामाणिक असेल, उद्या तो ते एक्स्टेन्शन दुसऱ्याला विकेल, अपडेट आपोआप येतं, तुम्हाला कळणारही नाही.

सेटिंगमध्ये साइन इन अँड सिक्युरिटी ह्या भागात तुम्ही कुठं कुठं लॉगिन आहात त्याची यादी मिळते. भाच्याची उघडली तर त्यात त्यानं कधीही न बघितलेल्या गावातलं एक लॉगिन होतं. तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

## पासवर्ड फुटतो तो असा

आता चोराकडं येऊ. पासवर्ड जोरदार ठेवा, सगळीकडं एकच ठेवू नका, हे सांगून सांगून लोकांचे कान किटलेत, पण का ते कुणी सांगत नाही.

कंपनीनं तुमचा पासवर्ड आहे तसा लिहून ठेवायचा नसतो, त्याचा हॅश करून ठेवायचा असतो. हॅश म्हणजे काय, तर उसाच्या रसाचा गाडा आठवा. चरकात ऊस घातला की रस येतो, पण रस परत चरकात ओतून ऊस मिळत नाही. पासवर्ड हा ऊस, हॅश हा रस. कंपनी फक्त रस ठेवते. तुम्ही लॉगिन करताना जे टाइप करता ते परत पिळलं जातं आणि रस जुळला की दार उघडतं. म्हणजे उद्या कोठारातनं रस चोरीला गेला तरी ऊस सुरक्षित, असं वाटतं.

पण चोर हुशार असतो. त्याला माहीत असतं की लोक त्याच त्याच दहा-वीस लाख उसांतला एखादा वापरतात, १२३४५६, पोराचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, असले. तो सगळे ऊस स्वतःच्या चरकात पिळून ठेवतो आणि चोरलेल्या रसाशी जुळवत बसतो. ह्यावर उपाय म्हणजे प्रत्येक ग्लासात वेगळी चिमूट टाकायची, एकात लिंबू, एकात आलं, एकात मीठ, म्हणजे एकच ऊस असला तरी दोन ग्लासांची चव वेगळी आणि चोराला प्रत्येक ग्लाससाठी सगळी मेहनत पहिल्यापासून. ह्या चिमटीला खरोखरच सॉल्ट म्हणतात.

२०१२ च्या जूनमध्ये लिंक्डइनचे हॅश चोरीला गेल्याचं उघड झालं तेव्हा त्यात ही चिमूट नव्हती. सुरुवातीला आकडा आला ६५ लाखांचा. चार वर्षांनी, २०१६ च्या मे महिन्यात, त्याच चोरीतली ११ कोटी ७० लाख लोकांची ईमेल आणि पासवर्डची यादी विकायला आली. आणि पुढच्याच महिन्यात फेसबुकच्या मार्क झुकरबर्गची ट्विटर आणि पिंटरेस्टची खाती काही वेळ दुसऱ्यांच्या हातात गेली, ती घेणाऱ्यांनी सांगितलं की पासवर्ड लिंक्डइनच्या यादीतनं मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं.

त्यानंतर लिंक्डइननं ती चूक सुधारली, ते वेगळं. मुद्दा असा की एका जागचा फुटलेला पासवर्ड चार वर्षांनी दुसऱ्या जागचं दार उघडतो, आणि तुम्ही ज्या दहा-पंधरा साइटवर तोच पासवर्ड दिलाय त्यातली सगळ्यात ढिली साइट कुठली हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा. लक्षात राहत नाहीत ही अडचण खरी आहे, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं अ‍ॅप, वापरा, नाहीतर वहीत लिहून कपाटात ठेवा. हो, वहीत चालतंय, रशियातला चोर तुमच्या कपाटात येत नाही.

## मालकांचं कसं गेलं

त्यांचा पासवर्ड फुटला नव्हता, त्यांनीच दिला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रीवाल्यांना लिंक्डइनवर बाहेरच्या देशातनं चौकशी येणं ही आता नेहमीची गोष्ट आहे. त्यांना मेसेज आला की अमुक कास्टिंग पाहिजे, एवढे नग, ड्रॉइंग आणि आरएफक्यू, म्हणजे दर मागायचं पत्र, ह्या लिंकवर आहे. लिंक उघडली तर लॉगिनचं पान, दिसायला हुबेहूब. त्यांनी पासवर्ड टाकला, पान परत आलं, परत टाकला, मग काहीच नाही. कामाच्या गडबडीत विसरून गेले. संध्याकाळी अकाउंट गेलं.

मला त्यांचा दोष वाटत नाही. ऑर्डरची वाट बघणाऱ्या माणसाला ऑर्डरच दाखवली तर तो उघडणारच. नोकरीची वाट बघणाऱ्याला नोकरी दाखवतात. २०२२ च्या मार्चमध्ये रोनिन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कमधनं साठ कोटी डॉलरच्या वर चोरी झाली, अमेरिकेच्या एफबीआयनं तिचा ठपका उत्तर कोरियाच्या लॅझरस ह्या हॅकर टोळीवर ठेवला, आणि नंतरच्या बातम्यांत आलं की सुरुवात झाली लिंक्डइनवरच्या एका खोट्या नोकरीनं. मुलाखती झाल्या, मोठा पगार ठरला, ऑफरची पीडीएफ आली, इंजिनिअरनं ती उघडली. आपल्या पोरांना एवढी मोठी टोळी गाठत नाही, त्यांना लॅपटॉप डिपॉझिट आणि ट्रेनिंग फी मागणारे गाठतात. नोकरी देणारा तुमच्याकडनं पैसे मागत नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

## "ओटीपी लावलाय, मग कशाला भ्यायचं?"

लावलाय हे चांगलं आहे, नसेल तर आज लावा, त्याच साइन इन अँड सिक्युरिटीमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणून मिळतंय. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप चांगलं, कारण सिम हरवलं, बंद पडलं किंवा कुणी तुमच्या नावानं डुप्लिकेट सिम काढलं तरी कोड तुमच्या फोनमध्येच तयार होतो.

पण खोट्या पानावर माणूस पासवर्ड टाकतो तसा ओटीपीही टाकतो, आणि पलीकडचा माणूस तो त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरतो. ह्यावर आजघडीला सगळ्यात चांगला इलाज पासकी. फोनच्या बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं लॉगिन होतं, आणि ही किल्ली खोट्या साइटच्या कुलपात शिरतच नाही, कारण ती साइटचा पत्ता स्वतः तपासते. तुम्ही फसलात तरी किल्ली फसत नाही. मालकांना आता तीच लावून दिलीय.

## ईमेल, मोबाईल आणि सोडून गेलेला मुलगा

ह्या साध्या गोष्टीत जेवढी अकाउंट कायमची जातात तेवढी हॅकरमुळं जात नसतील असं मला माझ्या कामावरनं वाटतं. पोरं कॉलेजच्या ईमेलवर अकाउंट काढतात, पास आऊट झाल्यावर कॉलेज ती ईमेल बंद करतं, आणि दोन वर्षांनी पासवर्ड विसरला की रिसेटची लिंक जाते त्या मेलेल्या ईमेलवर. स्वतःचा दुसरा ईमेल आजच जोडा. जुना मोबाईल नंबर सोडलात तर आधी अकाउंटमधनं काढा, कारण सोडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो.

आणि कारखानदारांसाठी. कंपनीचं पेज बघायला ठेवलेल्या मुलाला स्वतःचा पासवर्ड देऊ नका, त्याची गरजच नसते. पेजला त्याला त्याच्याच अकाउंटवरनं अ‍ॅडमिन करता येतं, सोडून गेला की काढता येतं. फक्त सुपर अ‍ॅडमिन, म्हणजे दुसऱ्यांना अ‍ॅडमिन करू-काढू शकणारे, दोघं तरी ठेवा आणि त्यातले एक तुम्ही. कागलच्या एका युनिटचं पेज बनवणारा मुलगा पुण्याला गेला, आता ते पेज ना चालवता येतं ना काढता येतं, आणि त्यावर फोन नंबर जुना.

## "महिन्याला पैसे देतो, अकाउंट वापरायला द्या"

हा मेसेज सध्या बऱ्याच पोरांना येतोय. दरमहा काही हजार, तुम्ही काही करायचं नाही, फक्त लॉगिन द्यायचं. बँकेचं खातं भाड्यानं देणाऱ्या पोरांना पोलिसांनी उचलल्याच्या बातम्या आपण वाचतो, हे तसंच आहे. तुमच्या फोटोखाली, तुमच्या कॉलेजच्या नावाखाली कुणीतरी दुसऱ्याच्या पोराला फी मागणार, आणि तो पोरगा तक्रार करताना नाव तुमचं देणार. दुपारी कोल्हापुरातनं आणि तासाभरानं दुसऱ्या देशातनं लॉगिन दिसलं की सील लागतं ते वेगळंच.

## आधार द्यायचं का?

प्रोफाइलवर व्हेरिफाइड असं चिन्ह मिळवायला भारतात डिजिलॉकरमार्फत आधारवरनं ओळख पटवता येते, पैसे पडत नाहीत, आणि सक्तीही नाही. नको वाटत असेल तर कंपनीच्या ईमेलवरनं कामाची जागा व्हेरिफाय करता येते. मला चिन्ह घेणं बरं वाटतं, कारण तुमच्या नावाचं खोटं अकाउंट कुणी काढलं तर खरं कुठलं हे दिसतं. पण हे अ‍ॅपच्या आतनंच करायचं, मेसेजमध्ये आलेल्या "व्हेरिफाय करा नाहीतर अकाउंट बंद" असल्या लिंकवरनं कधीच नाही. प्रीमियम घेतलं तर सील लागत नाही हा समजही चुकीचा, नियम पैसे भरणाऱ्याला तेच आहेत.

## गेलंच तर

सील लागलं असेल तर घाईनं दुसरं अकाउंट काढू नका, एका माणसाचं एकच हा नियम त्यातच मोडतो आणि पहिलं परत मिळायची वाट अवघड होते. लॉगिन केल्यावर जे सांगतात ते ओळखपत्र द्या, प्रोफाइलवरचं नाव ओळखपत्राशी जुळतंय का बघा, एक्स्टेन्शन काढून टाका, आणि अर्जात खरं लिहा. भाच्यानं सरळ लिहिलं की टूल वापरलं होतं, काढलंय, परत वापरणार नाही. आठवड्याभरात उघडलं. टेलिग्रामवर पैसे घेऊन अकाउंट सोडवून देतो म्हणणारे जे आहेत त्यांना ओळखपत्र दिलंत तर तेही गेलं.

चोर शिरला असेल तर पहिल्यांदा ईमेल वाचवा, लिंक्डइन नंतर. ईमेलचा पासवर्ड बदला, कारण ती चोराच्या हातात असेल तर तुम्ही बदललेलं तो परत बदलणार. मग हॅक झाल्याची तक्रार लिंक्डइनच्या मदत केंद्रात करा, हातात परत आलं की सगळीकडनं साइन आऊट, नवा पासवर्ड, टू-स्टेप. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, एक तासही थांबू नका, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. मेसेजचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.

आणि ज्यांना तुमच्या नावानं मेसेज गेले त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच. मालक परवा दिवसभर हेच करत होते, एकेका कस्टमरला सांगत होते की ती लिंक माझी नव्हती. सदतीस फोन झाले. त्यात चाकणच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं ती लिंक उघडून पासवर्ड टाकल्याचं निघालं, केवळ मालकांचं नाव बघून, वीस वर्षांची ओळख म्हणून. उद्या अकराला त्यांच्या आयटीच्या माणसाशी माझं बोलणं ठरलंय.